पबमधली बिअर: ग्लास भरला की खालच्या रिकाम्या जागेत काय शिरतं?

नळाची बिअर मागवली, ग्लास समोर आला, प्यायला सुरुवात केली, आपल्याला एवढंच दिसतं. पण तो ग्लास भरला तेव्हा खाली तळघरात कुठल्यातरी भांड्यातली अर्धा लिटर बिअर कमी झालेली असते, म्हणजे तेवढी जागा रिकामी झालेली असते, आणि रिकामी जागा कधी रिकामी राहत नाही, तिथे काहीतरी शिरतंच. मग काय शिरतं? हवा, गॅस, की काहीच नाही? गेल्या तीनेकशे वर्षांत पबमधल्या बिअरच्या साठवणुकीत जे जे बदल झाले ते जवळपास सगळे या एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत असं माझं ठाम मत आहे, आणि हा धागा हातात धरला ना की पिंप, केग, नायट्रोजन, टाकी हे सगळं प्रकरण एकदम सोपं होतं.

आधी बिअरला नेमका त्रास कशाचा होतो ते बघू. पहिला त्रास ऑक्सिजनचा. हवा लागली की बिअरची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी व्हायला लागते, आणि हवेबरोबर आलेल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळाला की ते अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात, म्हणजे चक्क व्हिनेगर. दुसरा त्रास गॅस उडून जाण्याचा. बिअरमध्ये जो कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो (लागर, म्हणजे गारव्यात आंबवलेली बिअर, तिच्यात लिटरला साधारण ५ ग्रॅम, आणि इंग्लंडची पारंपरिक एल, म्हणजे त्यामानाने उबेत आंबवलेली बिअर, तिच्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी) तो वर दाब असेल तरच आत राहतो, दाब काढला की हळूहळू निघून जातो आणि बिअर मरगळते. या दोघांच्या जोडीला उष्णता आहेच, ती सगळंच लवकर घडवून आणते. म्हणजे साठवणूक चांगली हवी तर हवा आत जाता कामा नये, गॅस बाहेर जाता कामा नये, आणि तरीही बिअर मात्र बाहेर काढता आली पाहिजे! खरी पंचाईत या तिसऱ्या गोष्टीत आहे.

जुन्या काळी पिंप बारच्या मागे किंवा तळघरात आडवं ठेवलेलं असायचं, त्याला तोटी ठोकलेली, आणि बिअर आपल्या वजनाने जगमध्ये पडायची. तळघरात ठेवायचं कारण गारवा, पण मग प्रत्येक जगसाठी कोणीतरी जिना उतरायचा आणि चढायचा. पंपाने बिअर खेचायची कल्पना लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन लॉफ्टिंग नावाच्या डच माणसाने १६९१ साली मांडली, आणि पुढे १७९७ मध्ये जोसेफ ब्रामाने पेटंट घेतलं. हा ब्रामा म्हणजे कुलपांसाठी आणि हायड्रॉलिक प्रेससाठी प्रसिद्ध असलेला इंजिनिअर. मला त्याच्या पेटंटचा विषयच फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात नुसतं खेचणं नाहीये, तर पेयं साठवणं, नितळ करणं, टिकवणं आणि काढणं असं सगळं एकत्र धरलेलं आहे. साठवायचं कसं आणि काढायचं कसं हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच, हे इतक्या लवकर कोणाच्या तरी लक्षात आलं होतं.

हातपंपाचं काम सरळ आहे, बारवर उभा दांडा असतो, तो ओढला की खालच्या सिलिंडरमधला दट्ट्या वर येतो, पाईपमधून बिअर वर खेचली जाते आणि ग्लासात पडते, दोन-चार वेळा ओढलं की पाइंट भरतो (ब्रिटिश पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर). पण आपला प्रश्न विचारा: पिंपात काय गेलं? हवा. जावीच लागते, नाहीतर आत निर्वात तयार होऊन बिअर वर येणारच नाही. पिंपाच्या वरच्या भोकात एक छोटी लाकडी खुंटी असते, मऊ लाकडाची खुंटी हवा-गॅस झिरपू देते आणि कडक लाकडाची झिरपू देत नाही, तर पब चालू असताना मऊ आणि रात्री बंद करताना कडक, असं ते सांभाळायचं. या पिंपातली बिअर जिवंत असते, आत यीस्ट असतं, तळघरात आल्यावरही ती थोडी आंबते आणि स्वतःचा गॅस स्वतः तयार करते, गाळ खाली बसवायला माशांच्या हवेच्या पिशवीपासून केलेला एक पदार्थ घालतात. तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवायचं. हे सगळं नीट जमलं तर ती बिअर अप्रतिम लागते, यात वादच नाही, पण पिंप एकदा उघडलं की साधारण ३ दिवसांत संपवायला लागतं, कारण प्रत्येक पाइंटमागे एक पाइंट हवा आत गेलेली असते. लहानातलं नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे ७२ पाइंट. गर्दीच्या पबला ते एका संध्याकाळचंही नाही, आणि खेड्यातल्या शांत पबला ३ दिवसांत ७२ पाइंट संपवताना घाम फुटतो.

या अडचणीवर एक मधला मार्ग निघाला. पिंपाला असा व्हॉल्व्ह जोडायचा की बिअर जितकी बाहेर जाईल तितकाच कार्बन डायऑक्साइड आत येईल, तोही साध्या वातावरणाच्या दाबाला, म्हणजे बिअरमध्ये जास्तीचा गॅस घुसणार नाही, फक्त हवेची जागा गॅस घेईल. साधी गोष्ट, पण यावरून ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. १९७१ मध्ये पारंपरिक एल वाचवण्यासाठी कामरा नावाची ग्राहक चळवळ चार जणांनी सुरू केली, तिचा या व्हॉल्व्हला विरोध होता, बाहेरचा गॅस नकोच म्हणून, आणि २०१८ मध्ये तिच्या सभासदांनी तटस्थ राहायचं ठरवलं. मला विचाराल तर कमी खपाच्या पबमध्ये आंबट बिअर देण्यापेक्षा हा व्हॉल्व्ह शंभर पटींनी बरा.

आता केग. इथे विचारच उलटा आहे, बिअर वर खेचायची नाही तर खालून ढकलायची, आणि ढकलायला गॅस वापरायचा. बिअर ब्रुअरीतच (म्हणजे बिअरच्या कारखान्यातच) गाळून घ्यायची, बहुतेक वेळा पाश्चराइझ करायची (लुई पाश्चरने १८७० च्या दशकात बिअर का बिघडते याचा जो अभ्यास केला त्याचं हे फळ), मग धातूच्या बंद भांड्यात भरायची. केगच्या आत तळापर्यंत जाणारी एक नळी असते, वर जोडणी बसवली की एका वाटेने गॅस आत आणि दुसऱ्या वाटेने बिअर बाहेर. लंडनच्या वॉटनी ब्रुअरीने १९३० च्या दशकात असे प्रयोग केले आणि पुढे तिची रेड बॅरल नावाची केगची बिअर ब्रिटनभर ओळखली जायला लागली. रिकाम्या जागेत आता कार्बन डायऑक्साइड आला, हवा आलीच नाही, म्हणजे बिअर ३ दिवसांऐवजी कितीतरी जास्त टिकायला लागली, आणि ती सांभाळायला तळघराचा जाणकार माणूसही लागेना.

पण यात एक अडचण लपलेली आहे, आणि टाकीची गोष्ट समजायची असेल तर ती समजून घ्यावीच लागते. गॅस द्रवात किती विरघळणार हे त्याच्या दाबावर ठरतं, दाब वाढवला की जास्त विरघळतो, आणि द्रव जितका गार तितका जास्त विरघळतो. समजा तळघर १२ अंशांवर आहे आणि लागरमध्ये लिटरला ५ ग्रॅम गॅस हवाय, तर केगमध्ये वातावरणाच्या वर साधारण १ बार दाब (बार हे दाबाचं एकक, १ बार म्हणजे जवळपास हवेच्या नेहमीच्या दाबाइतका) ठेवला की तोल राहतो, ना गॅस आत जात ना बाहेर. पण पबचा बार वरच्या मजल्यावर असेल तर? दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब जास्त लागतो, शिवाय लांब पाईपमध्ये घर्षण असतं, त्यामुळे बिअर वर पोचवायला दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढवला की तोल गेला, केगमधली बिअर दिवसभर गॅस पीत राहते आणि दुसऱ्या दिवशी नळातून नुसता फेस! म्हणजे ढकलणारा गॅस आणि बिअरमधला गॅस एकच असल्यामुळे एकाला हात लावला की दुसरा हलतो. यावर उपाय म्हणून कार्बन डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळायला लागले. नायट्रोजन बिअरमध्ये जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे तो दाब देतो पण बिअरचा गॅस फारसा बदलत नाही.

नायट्रोजनचं नाव निघालं की गिनेस, ती आयर्लंडची काळी बिअर, आलीच. गिनेस कंपनीत मायकल ॲश हा मूळचा गणितज्ञ होता, त्याच्या कामातून १९५९ मध्ये नायट्रोजनवाली ड्राफ्ट (म्हणजे नळाची) गिनेस आली. त्याआधी आयर्लंडमध्ये एक ताज्या फेसाळ बिअरचं पिंप आणि एक शांत झालेल्या बिअरचं, अशा दोन पिंपांतून ग्लास भरायचे, आणि ते कौशल्याचं काम होतं. नायट्रोजनवाल्या नळात बारीक भोकांची एक चकती असते, बिअर तिच्यातून जोरात ढकलली की विरघळलेला थोडासा नायट्रोजन एकदम सुटतो आणि अतिशय बारीक बुडबुडे होतात, तोच तो सायीसारखा फेस. म्हणजे साठवताना वापरलेल्या गॅसने थेट बिअरचं रूपच बदललं.

आता टाकीकडे येऊ. केग एकाला एक जोडत बसायचा, आणि ५० लिटरचा भरलेला केग ६० किलोंच्या वर जातो, तो ट्रकमधून उतरवून तळघरात न्यायचा, रिकामा परत वर आणायचा. जिथे खप प्रचंड आहे तिथे हे काम संपतच नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत ब्रिटनमध्ये, खासकरून उत्तर इंग्लंडमधल्या कामगारांच्या मोठ्या क्लबांमध्ये आणि मोठ्या पबांमध्ये तळघरात कायमच्या टाक्या बसवल्या गेल्या. ५ बॅरलची टाकी म्हणजे १८० गॅलन, म्हणजे १४४० पाइंट, आणि ती भरायला ब्रुअरीचा टँकर यायचा, रस्त्यावर उभा राहून नळी तळघरात सोडायची आणि भरून टाकायचं. काही ठिकाणी टाकीत बिअरवर थेट गॅसचा दाब द्यायचे, म्हणजे तो एक अवाढव्य केगच झाला, आणि काही ठिकाणी आत प्लास्टिकची पिशवी बसवून बाहेरून हवेने दाबायचे. वर बारवर बटण दाबलं की मोजून अर्धा पाइंट देणारे विजेचे पंप असायचे, गर्दीत त्यांचा फार उपयोग व्हायचा. पण त्या काळात टाकी म्हणजे स्वस्त, गाळलेली, ठोक बिअर अशी ओळख होऊन बसली, मोठे क्लब पुढे ओसरत गेले, आणि टाक्याही मागे पडल्या. मला वाटतं हा टाकीवर अन्यायच झाला, कारण दोष असलाच तर आत घातलेल्या बिअरचा होता, भांड्याचा नव्हे.

टाकीला मान मिळाला तो चेक देशात. पिल्सेन शहरात १८४२ साली योसेफ ग्रोलने पिल्सनर ही पहिली सोनेरी लागर बनवली हे बऱ्याच जणांना माहीत असतं. तिथल्या पिल्सनर उर्केल ब्रुअरीने १९९० च्या दशकापासून पाश्चराइझ न केलेली बिअर गार टँकरमधून पबच्या टाक्यांमध्ये न्यायला सुरुवात केली, आणि अशा पबांना तिथे टँकोव्हना म्हणतात. बघा, ब्रिटनमध्ये टाकी सोयीसाठी आली होती, इथे ती ताजेपणासाठी आली. पाश्चराइझ करायचं ते बिअर प्रवासात आणि कपाटात टिकावी म्हणून, पण ती ब्रुअरीच्या तळघरातून थेट पबच्या गार टाकीत जाणार असेल आणि काही दिवसांत संपणार असेल तर तिला तापवायचं कशाला? उष्णतेने चवीत थोडा का होईना फरक पडतो, तो टळला. टाकी आता लपवायची वस्तू राहिली नाही, तांब्याने मढवलेल्या टाक्या लोकांना दिसतील अशा बारच्या मागे किंवा डोक्यावर बसवायला लागले. पुढे इतर ब्रुअऱ्यांनीही हे उचललं, नेदरलँड्समध्ये हायनेकेनची टाकीची बिअर मिळते, लंडनमध्येही असे पब झाले.

आत काय असतं ते आता नीट सांगतो. टाकी स्टीलची, साधारण ५०० किंवा १००० लिटरची, एक तर तिला स्वतःचं कूलिंग आणि इन्सुलेशन असतं नाहीतर ती गार खोलीत ठेवतात. आत दर वेळी नवी, निर्जंतुक, एकदाच वापरायची प्लास्टिकची पिशवी बसवतात आणि बिअर त्या पिशवीत जाते. टाकी आधीच दाबाखाली ठेवलेली असते, म्हणजे बिअर आत शिरताना फेसाळत नाही, जसजशी पिशवी फुगते तसतशी पिशवीभोवतीची हवा टाकीबाहेर सोडत जायची. भरून झालं की पिशवी आणि स्टीलची भिंत यांच्या मधल्या जागेत कंप्रेसरने साधी हवा भरायची. ही हवा पिशवी दाबते, पिशवी बिअर दाबते, आणि बिअर पाईपमधून नळाकडे जाते, टूथपेस्टची ट्यूब दाबावी तसं. ग्लास भरला की रिकाम्या जागेत काय शिरलं? पिशवीच्या आत काहीच नाही! पिशवी तेवढी आकसली, एवढंच.

आणि मघाची ती लपलेली अडचण इथे सुटते. पिशवीच्या आत बिअरच्या वर गॅसची जागाच नाही, त्यामुळे बिअरमधला गॅस जायचा कुठे, आणि बाहेरचा दाब कितीही वाढवला तरी आत विरघळायला गॅसच नाही, म्हणजे बिअर दुसऱ्या मजल्यावर ढकला नाहीतर लांबच्या बारवर, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड ब्रुअरीने घातला तेवढाच राहतो. ढकलणं आणि गॅसची पातळी राखणं या दोन गोष्टी पहिल्यांदाच एकमेकांपासून सुट्या झाल्या, मला तर सगळ्या इतिहासात हीच सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. अट एवढीच की दाब तोलाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पिशवीतच बुडबुडे सुटतात. शिवाय ढकलायला गॅसचे सिलिंडर लागत नाहीत, आणि हे नुसतं पैशांचं नाहीये, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तळघरात खाली साचतो आणि आत गेलेला माणूस बेशुद्ध पडून जीव जाऊ शकतो, म्हणूनच गॅसवाल्या तळघरांमध्ये अलार्म बसवतात.

पिशवीचा आणखी एक फायदा म्हणजे सफाई. बिअर टाकीच्या भिंतीला लागतच नाही, संपली की पिशवी काढून टाकायची. पिशवी नसलेली टाकी दर वेळी आतून धुवावी लागायची. अर्थात दर भरण्यामागे प्लास्टिकचा कचरा होतो, हे खरंच आहे. आणि पाईपची सफाई मात्र कोणालाच चुकत नाही, पिंप असो, केग असो की टाकी. पाईपच्या आतल्या बाजूला यीस्ट आणि जिवाणूंचा चिकट थर बसतो, कॅल्शियमचे क्षार जमतात, ब्रिटनमध्ये साधारण आठवड्याला एकदा अल्कलीच्या द्रावणाने पाईप धुवायची पद्धत आहे. हे न करणाऱ्या पबमध्ये तांब्याची चकचकीत टाकी असून काही उपयोग नाही, शेवटच्या काही मीटरमध्ये सगळं वाया जातं. पाईप गार ठेवायला बिअरच्या नळ्या आणि गार पाण्याच्या नळ्या एकत्र बांधून वरून जाड वेष्टण घालतात, कारण वाटेत बिअर गरम झाली की गॅस सुटून फेस होतो. केगवर चालणाऱ्या पबमध्ये वाटेत एक काचेचं भांडं आणि तरंगणारा गोळाही असतो, केग संपला की गोळा खाली बसून वाट बंद करतो, म्हणजे पाईपभर फेस भरत नाही. १००० लिटरच्या टाकीची बिअर केगमधून द्यायची तर असे २० केग बदलावे लागतात, आणि प्रत्येक बदलात थोडी बिअर वाया जाते.

नळाचंही या सगळ्याशी नातं आहे. चेक नळाची मूठ बाजूला असते, ती थोडी फिरवली की फेस येतो आणि पूर्ण फिरवली की बिअर. तिथले टॅपवाले आधी ओला, दाट फेस घेतात, मग नळाचं तोंड त्या फेसाच्या आत बुडवून खालून बिअर भरतात. यामागे तोच विचार आहे, फेसाच्या खाली भरलेल्या बिअरला हवा कमी लागते. ब्रुअरीपासून इथपर्यंत हवा लागू दिली नाही तर शेवटच्या दहा सेकंदांत का लागू द्यायची?

मग सगळेच पब टाकी का बसवत नाहीत? खपामुळे. ५०० लिटर म्हणजे ८८० पाइंट, एकाच प्रकारची बिअर, पाश्चराइझ न केलेली, काही दिवसांत संपायला हवी. शिवाय टाकीला जागा लागते, खर्च मोठा असतो, टँकर पोचेल असा रस्ता लागतो आणि बहुधा एकाच ब्रुअरीशी बांधून घ्यावं लागतं. वीस वेगवेगळ्या बिअर ठेवणाऱ्या लहान पबला हे परवडणारच नाही, आणि परवडलं तरी करू नये, संथ खपाच्या टाकीतली शिळी बिअर चांगल्या केगपेक्षा वाईट. लहान पबसाठी तीच पिशवीची कल्पना छोटी होऊन आली आहे. कीकेगसारखे एकदाच वापरायचे केग बघा, बाहेर प्लास्टिकचं कवच, आत पिशवी, आणि दोघांच्या मध्ये हवा किंवा गॅस, १०, २० किंवा ३० लिटरचे. दूरच्या देशात बिअर पाठवणाऱ्या लहान ब्रुअऱ्यांना रिकामे केग परत मागवायचा खर्चही वाचतो. आणि जे पब स्वतःच बिअर बनवतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे टँकर, केग दोन्ही नसतात, मागच्या खोलीतल्या टाकीतून पाईप थेट नळाला जोडलेला असतो.